आशीर्वादपर दोन शब्द

नगर जिल्ह्यात लग्नाला मुहूर्त दोन असतात. एक पंचांगातला आणि एक माईकवरचा. पत्रिकेत 'दुपारी १२ वा. ३५ मि.' असं ठसठशीत छापलेलं असतं. प्रत्यक्षात बारा पस्तीसला अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले असतात, मुठीतल्या अक्षता घामाने चिकटलेल्या असतात, नवरदेवाचा फेटा कानावर उतरलेला असतो आणि निवेदक सांगत असतो की थोर विचारवंत, कुशल संघटक, गोरगरिबांचे आधारस्तंभ अशा साहेबांचं आत्ताच मांडवात आगमन झालेलं आहे. ते वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलतील. साहेब दोन शब्द बोलतात. पहिला निळवंड्याच्या पाण्यावर, दुसरा उसाच्या भावावर. नवरानवरीची नावं शेवटी चिठ्ठीत बघून घेतात. मग दुसरे साहेब उठतात. ते पहिल्या साहेबांच्या विरोधी गटातले, त्यामुळे त्यांना निळवंड्याचं पाणी पुन्हा धरणापासून आणावं लागतं.

मांडवात कोणी चिडत नाही. पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवतात, मागच्या रांगेतले पंगतीची जागा धरायला सटकतात, आणि गुरुजींनी घड्याळाकडे बघण्याचा नाद केव्हाच सोडलेला असतो. एका निवेदकाला मी जेवताना विचारलं, "अहो, ते थोर विचारवंत कशावरून?" तो जिलेबी तोडत म्हणाला, "सर, त्यांच्या पीएनं तसंच लिहून दिलं होतं." इतकं सरळ उत्तर मला विद्यापीठातही कधी मिळालेलं नाही.

पण ही लागण मांडवापुरती आहे असं समजू नये. माझा भाचा पुण्याला, हिंजवडीत नोकरीला आहे. पोरगा हुशार, कष्टाळू, आईबापांना धरून असणारा. गेल्या दिवाळीत त्याने मला त्याचं नवं कार्ड दाखवलं. नावाखाली 'थॉट लीडर' असं लिहिलेलं.

"म्हणजे काय रे?"

"मामा, म्हणजे ज्याचं ऐकून लोक आपली मतं बदलतात तो."

"बरं. मग तुझा विचार कोणता?"

"तो कंटेंट टीम बघते."

मी हसलो नाही. दिवाळीत जावयाला आणि भाच्याला हसू नये असा आमच्याकडे दंडक आहे. पण तो फराळ करून झोपला आणि माझी झोप उडाली. आपल्या जिल्ह्यात असा कोण कोण होऊन गेला, ज्याला हे कार्ड शोभलं असतं? पुढे आठवड्याच्या आठवड्याला त्याचा फोन आला की मी एकेक नाव काढायचो आणि तो ते आपल्या मापाने मोजायचा. मामाचा वेळ जायचा, भाच्याची रेंज.

पहिलं नाव नेवाशाचं निघणार हे उघड होतं. वय अंदाजे पंधरा. घराणं वाळीत टाकलेलं. आईवडील गेलेले. अनुभवाच्या रकान्यात काही नाही. प्रवरेच्या काठी, एका देवळाच्या खांबाशी बसून १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. तो खांब अजून आहे, त्याला 'पैस' म्हणतात, आणि दुर्गाबाई भागवतांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं तेव्हा महाराष्ट्राला नेवाशाची नव्याने आठवण झाली. भाचा म्हणाला, "मामा, ही लेव्हलच वेगळी आहे. यांना धरून बोलणं नको." त्याचं बरोबर होतं. ज्ञानेश्वरांना धरून काही बोलायचं म्हटलं की आपण एक तर हात जोडतो किंवा व्याख्यान देतो, तिसरं आपल्याला जमत नाही. तेव्हा त्यांना नमस्कार करून आम्ही खाली उतरलो.

दुसरं नाव त्याला आवडेल असं वाटलं होतं, कारण त्यात परदेश येतो. नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की अरणगावापाशी मेहेराबाद लागतं. तिथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी बोलणं थांबवलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते बोलले नाहीत. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून सांगायचे; १९५४ नंतर तीही फळी सोडली, नुसते हातवारे. आणि ऐकायला माणसं कुठून कुठून आली! इंग्लंडातल्या पीट टाउनशेंड नावाच्या रॉकवाल्याने तर १९७१ साली आपल्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावातच 'बाबा' घातला. नगर जिल्ह्यात एक माणूस साडेत्रेचाळीस वर्षं एक शब्द बोलला नाही आणि तरी त्याला श्रोते कमी पडले नाहीत, ही गोष्ट आमच्या साहेबांना कोणीतरी सांगायला हवी. पण सांगणार कशी? माईक त्यांच्याकडे.

अर्थात गप्प बसणारा प्रत्येक जण थोर असतो असंही नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गप्प बसणारे पुष्कळ आहेत. ते चहाची वाट बघत असतात.

मग नगरचा भुईकोट किल्ला. विचारवंतांची सरकारी खर्चाने राहण्याजेवणाची सोय करणारं आमचं हे एकमेव ठिकाण. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी इथे आणून कोंडलं. नेहरूंनी इथे बसून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि उरलेल्या वेळात अंगणात फुलझाडं लावली, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांना सांगतात. मौलाना आझादांचं मात्र कोणी सांगत नाही. मौलाना रोज पहाटे उठून आपल्या हाताने चहा करायचे आणि पोस्टात पडण्याची मुळीच शक्यता नसलेली पत्रं एका मित्राला लिहायचे. त्याच पत्रांचं पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली होती. कचरा पडायचा, चिवचिवाट चालायचा. मौलानांनी आधी त्यांच्याशी युद्ध पुकारलं, काठ्या घेऊन हुसकावलं, आणि शेवटी हार मानून तह केला. दाणे टाकून टाकून दोस्ती केली. हे सगळं त्यांनी सविस्तर, मोठ्या मौजेने लिहून ठेवलं आहे. देशाच्या राजकारणातला एवढा मोठा पंडित चिमण्यांपुढे हरल्याचं स्वतः सांगतो, त्यामुळे त्याचं बाकीचंही मला खरं वाटतं. आमच्या निवेदकाच्या यादीत असा एकही विचारवंत नाही, जो कधी कुठे हरला असेल. अगदी डिपॉझिट गेलं तरी 'नैतिक विजय' असतोच.

भाच्याने विचारलं, "पण मामा, इम्पॅक्ट? इम्पॅक्ट काय झाला त्या चिमण्यांचा?"

तेव्हा मी त्याला फरारबाईंची गोष्ट सांगितली. ही मात्र जरा बैजवार सांगायला हवी.

सिंथिया फरार ही अमेरिकेतून आलेली अविवाहित बाई. अमेरिकन मराठी मिशनची. १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. मुलींनी शिकणं म्हणजे घराला कलंक, अशी समजूत असलेला तो काळ. एकेक पोर गोळा करून बसवायची, उद्या तिच्या घरचे येऊन तिला ओढून नेणार, परवा पुन्हा दुसऱ्या दारात उभं राहायचं, अशी ती नोकरी. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होताच, तो झाकण्याचं कारण नाही. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. जोतीराव त्यांच्याकडे आले आणि फरारबाईंची शाळा त्यांच्या पाहण्यात आली. पुण्याला परत गेले ते डोक्यात किडा घेऊनच. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे जे धडे घेतले, त्यातले काही याच फरारबाईंकडे, नगरला.

आता गंमत बघा. फरारबाईंना हवं होतं एक, जोतीराव घेऊन गेले भलतंच. बाईंना येशूच्या कळपात लेकरं यायला हवी होती. जोतीरावांनी त्या शाळेतून बाकं, फळा आणि मुली एवढंच उचललं आणि बाकीचं आपल्या पदरचं घातलं, आणि त्यातून जे उभं राहिलं ते बाईंच्या मिशनच्या अहवालात बसण्यासारखं नव्हतं. फरारबाई १८६२ साली नगरलाच वारल्या. आज जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार पडतो, तो पडायलाच हवा. हार घालणाऱ्या शंभर मुलींत फरार हे नाव ऐकलेली एखादी निघाली तरी खूप झालं. नगरमध्ये त्यांच्या नावाचा चौक नाही. फ्लेक्स नाही. जयंतीला डीजे नाही. आणि तरी आमच्या घरातली प्रत्येक बाई दुकानाची पाटी वाचते, त्यात त्या बाईचा वाटा आहे.

"बघ," मी भाच्याला म्हटलं, "लोकांनी तुझं नाव घेऊन तुझा विचार सांगितला तर तू लोकप्रिय झालास. तुझं नाव न घेता, स्वतःचा म्हणून सांगू लागले, की समज तू मोठा झालास."

पलीकडे जरा शांतता पसरली. मला वाटलं, पोरगा विचारात पडला. तो म्हणाला, "मामा, हे मस्त आहे. परत सांगा, लिहून घेतो."

नंतरचे दोन-तीन फोन उसावर गेले. नगर जिल्ह्यात कोणतीही चर्चा फार वेळ उसापासून लांब ठेवता येत नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचं शालेय शिक्षण अगदी बेताचं. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकून आलेले, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था चालवणारे अर्थशास्त्रज्ञ. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यांनी खाली आलं होतं, ऊस होत होता, पण साखरेचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जात होता. शेतकऱ्यांनी आपलाच कारखाना काढावा, हे ऐकायला सोपं आहे. सांगायला गेलं की शेतकरी विचारणार, "आणि बुडाला तर?" विठ्ठलराव गावोगाव, वस्त्यावस्त्यांवर हिंडून शेअर गोळा करत होते, घरातलं किडूकमिडूक मोडून शेअर घेतल्याच्या आठवणी प्रवरा भागात अजून निघतात. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. आणि अध्यक्ष कोण? गाडगीळ. ज्याने पायांचे तुकडे पाडले तो उपाध्यक्ष. एक-दोन नव्हे, चांगली दहाएक वर्षं! हे वाक्य मी मुद्दाम आमच्या एका साखरसम्राटाच्या कार्यकर्त्याला ऐकवलं. त्याचा विश्वास बसेना. "खुर्ची आपणहून दिली? काहीतरी तडजोड असंल, सर."

असेलही. तडजोड अशी की एकाला माणसं कळत होती आणि दुसऱ्याला आकडे, आणि आपल्याला काय कळत नाही हे दोघांनाही कळत होतं.

आता याच जिल्ह्यात, नगर शहरापासून थोड्याच अंतरावर, हिवरे बाजार. इथला विचार नेमका उलटा: ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यात उभं राहून 'ऊस लावू नका' म्हणणं म्हणजे पंढरपुरात उभं राहून 'बुक्का लावू नका' म्हणण्यासारखं आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. घरच्यांना वाटत होतं पोराने नोकरी धरावी. गाव दुष्काळाने आणि दारूने मोडलेलं, माणसं मुंबई-पुण्याला पांगलेली. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, दारू बंद केली, श्रमदानाने डोंगरावर चर खणले, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. मला सगळ्यांत आवडतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांना आणि जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत बसून ठरवायचं. पाऊस कमी, तर पीक कमी. ज्या गावात घरखर्चाचा हिशेब बायकोलाही सांगत नाहीत अशा मुलखात विहिरीतलं पाणी चारचौघांत मोजायचं, ही साधी गोष्ट नव्हे. गावाला पुढे बक्षिसं मिळाली, गेलेली घरं परत आली, २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

"मग मामा, खरं कोण? विखे पाटील की पवार?" भाच्याला एकच उत्तर लागतं, त्याच्या सादरीकरणात दोन उत्तरांची जागा नसते. मी म्हटलं, अरे, एकाच्या बांधावरून कालवा जातो, दुसऱ्याच्या डोक्यावरून ढगसुद्धा रिकामे जातात. विचारालाही पाणलोट क्षेत्र असतं. लोणीचा विचार उचलून हिवऱ्यात लावला असता तर दोन वर्षांत विहिरी कोरड्या पडल्या असत्या. हिवऱ्याचा नेऊन लोणीत लावला असता तर तेव्हा कोणी शेअर घेतला नसता. सगळीकडे चालणारा विचार फक्त फ्लेक्सवर असतो. 'एकच ध्यास, गावाचा विकास.' हा अकोल्यातही चालतो आणि कर्जतलाही.

जामखेडचं मात्र मी त्याला फोनवर सांगितलं नाही. तो शनिवार-रविवार धरून आला होता, तेव्हा समोर बसवून सांगितलं.

जामखेड म्हणजे जिल्ह्याचं आग्नेय टोक. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. नगरच्या माळीवाडा स्टँडवर गाडी शिरली की कंडक्टर मात्र पूर्वीसारखाच 'नगर, नगर' ओरडतो, त्याच्यापुरता वाद कधी नव्हताच. तर या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले. डॉक्टर औषधं घेऊन आले. गावाने पाणी मागितलं. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ. मग डॉक्टर आधी अन्नाच्या आणि पाण्याच्या मागे लागले. तिथले लोक सांगतात की हातपंप कुठे घ्यायचा हे ठरवताना पाणी नेमकं दलित वस्तीतच लागायचं. म्हणजे लागायचं असं ठरवून ठेवलेलं असायचं. मग पाटलांच्या सुनेलाही हंडा घेऊन तिकडेच जावं लागे. समतेवर भाषण एकही नाही, फक्त पंपाची जागा. तहान लागल्यावर माणूस फार तत्त्वज्ञान करत नाही, हे डॉक्टरांना बरोबर ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. गावात आरोग्याचं काम करायला त्यांनी आधी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण पोरगी, गावात एकटी. तिचं ऐकणार कोण? मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा मध्यमवयीन, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जायच्या. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, पोराचं वजन कसं बघायचं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं.

मीठ-साखरेचं पाणी करणं सोपं आहे. ते सासूपुढे पाजणं अवघड आहे. कारण सासूचा पक्का सिद्धान्त असतो की जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं. गरोदर सुनेने कमी खायचं म्हणजे मूल बारीक होतं आणि सुटका लवकर होते, हाही सासूचाच. हे सिद्धान्त तिला तिच्या सासूने दिलेले, आणि त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अधिकार. इथे डॉक्टरचं इंग्रजी चालत नाही. इथे लागते तिच्याच वयाची, तिच्याच गल्लीतली, जिची स्वतःची दोन लेकरं गेलेली आहेत अशी बाई, जी ओसरीवर बसून तंबाखूची चिमूट दाढेत धरत म्हणेल, "अगं, मी पण आधी तसंच करायचे. पाज तिला." मतपरिवर्तन म्हणतात ते हेच, आणि ते चुलीजवळ होतं. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ साली तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिसाच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडवर आख्खं प्रकरण होतं.

१९८८ साली त्या बायकांतल्याच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. समोर जगभरचे आरोग्यतज्ज्ञ, वर लखलखणारी झुंबरं. मुक्ताबाईंनी छताकडे बोट केलं आणि म्हणाल्या त्याचा सारांश असा: ही झुंबरं तुम्ही, मोठे डॉक्टर. सुंदर, महागडी, हाताला न लागणारी. आणि ही माझ्याकडची पणती, ती मी. स्वस्त, साधी, पण हिच्यावरून दुसरी पेटवता येते. सभागृह उठून उभं राहिलं. जिने सासवांची मनं वळवली तिला वॉशिंग्टन काय अवघड!

भाचा मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "पण मामा, मग यात थॉट लीडर कोण? डॉक्टर की त्या बाई?"

"हा प्रश्न पडतो ना तुला," मी म्हटलं, "तेच डॉक्टरांचं यश."

आमच्या गल्लीत आता आरोग्याचं काम बघणारी आशाताई येते. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टरं, आणि तोंडात मानधन थकल्याची तक्रार. ती कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या सुनेला लोहाच्या गोळ्या मोजून देते. तिच्या पूर्वजांत जामखेडच्या त्या बायका येतात. आरोळे हे नाव मी तिच्याजवळ काढलं. ती म्हणाली, "कोण? आरोळे? कुठल्या वॉर्डातले?"

राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं नाव भाच्यानेच काढलं. २०११ मध्ये तो कॉलेजात होता आणि 'मैं अण्णा हूँ'ची टोपी घालून डेक्कनवर फिरला होता. ती टोपी आता कुठे आहे, हे त्याला सांगता येईना. मी म्हटलं, टोपीचं सोड. तहसील कचेरीत जा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, 'माझ्या पाणंद रस्त्याचं टेंडर किती रुपयांचं होतं' असं विचारणारा एक तरी शेतकरी तुला तिथे रोज भेटेल. हा माहितीचा अधिकार महाराष्ट्राला २००२ च्या कायद्याने आणि देशाला २००५ मध्ये मिळाला. त्यामागे अण्णांची उपोषणं आहेत आणि राजस्थानातल्या खेड्यांमधली माणसंही आहेत. त्या शेतकऱ्याला हे ठाऊक नसतं. असायची गरजही नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक असतं की तीस दिवसांत साहेबाला उत्तर द्यावं लागतं, आणि 'साहेब, मी माहिती टाकली' हे वाक्य तो अशा ऐटीत उच्चारतो की जणू कायदा त्यानेच बांधावर बसून लिहिला. टोपीवर अण्णांचं नाव होतं आणि ती हरवली. अर्जावर नाव नाही, तो चालू आहे.

भाचा त्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना म्हणाला, "मामा, तुमच्याशी बोललं की डोकं चालतं." कार्डाचं काही बोलला नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी माणूस वळला.

पंधरा दिवसांनी घरच्या ग्रुपवर ताईने एक व्हिडिओ टाकला. भाच्याच्या कंपनीचा कार्यक्रम, मोठं सभागृह. निळा कोट घालून तो मंचावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होता, कानाला तो बारीक माईक. मागच्या पडद्यावर फरारबाई. मग विखे आणि गाडगीळ, मग हिवऱ्याचा ताळेबंद. चिमण्याही होत्या. पणतीपाशी त्याने अगदी माझ्यासारखा आवंढा गिळला. 'विचारालाही पाणलोट क्षेत्र असतं' या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात न थांबता त्याने दुसरं हाणलं, की लोक तुमचं नाव न घेता तुमचा विचार सांगू लागले की समजा तुम्ही मोठे झालात. सभागृह उभं राहिलं. मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आभाराच्या पाटीवर कंपनी होती, वरिष्ठ होते, कंटेंट टीम होती.

मी पुन्हा पहिल्यापासून लावला, म्हटलं मधे कुठेतरी 'माझे नगरचे मामा' असं ओझरतं तरी आलं असेल. नव्हतं आलं.

तेवढ्यात खाली ताईचा संदेश आला. "अरे, पाहिलंस का? किती अभ्यास आहे रे याचा! तू जन्मभर नगरात राहिलास, तुला तरी ठाऊक होतं का यातलं काही?"